सोडण्याचा संकल्प

(वर्षप्रतिपदा उत्सवातील भाषणाचा संपादित भाग)



वर्षप्रतिपदेला घरोघर गुढी उभारली जाते, कडुनिंबाचा प्रसाद घेतला जातो आणि नव्या पंचांगाचे पूजन होते. पूजन झाल्यावर पंचांग भिंतीवरच्या खिळ्याला अडकते आणि पुढे वर्षभर ते उघडले जाते ते चतुर्थीचा चंद्रोदय किंवा लग्नाचा मुहूर्त पाहण्यापुरते. वास्तविक या पंचांगाच्या गणितातच आजच्या दिवसाचा एक मोठा बोध दडलेला आहे.

आपले चांद्र वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे असते आणि सौर वर्ष ३६५ दिवसांचे. म्हणजे दरवर्षी सुमारे ११ दिवसांचे अंतर पडते. ते तसेच साचू दिले असते, तर दहा-बारा वर्षांत दिवाळी ऐन पावसाळ्यात येऊन पडली असती. आपल्या पूर्वजांनी हे अंतर नाकारले नाही आणि झाकूनही ठेवले नाही. त्यांनी ते मोजले आणि सुमारे साडेबत्तीस महिन्यांनी एक अधिक मास घालून त्याची भरपाई केली. २०२३ साली आलेला अधिक श्रावण अशाच भरपाईचा होता. चंद्र आणि सूर्य यांच्या गतीतील तफावत ज्या समाजाने इतक्या काटेकोरपणे मोजली, त्या समाजातील माणसाने स्वतःचे ठरविणे आणि स्वतःचे वागणे यांच्यातील तफावत कधी मोजली आहे काय? वर्षारंभी संकल्प होतो, वर्षअखेरीस तो अपुरा राहतो, आणि पुढच्या पाडव्याला तोच संकल्प नव्याने सोडला जातो. अंतर साचतच जाते. आयुष्याचे सण मग भलत्याच ऋतूत येऊ लागतात.

मागे वळून पाहणे

सिंहावलोकन हा शब्द आपण सहज वापरतो. सिंह वनातून चालताना काही अंतर गेल्यावर थांबतो, मान वळवून आलेल्या वाटेकडे पाहतो आणि मग पुढे निघतो, असा त्यामागचा संकेत आहे. त्यात पश्चात्ताप नाही आणि स्मरणरंजनही नाही. पुढचे पाऊल कोठे टाकायचे, एवढ्याचसाठी ते पाहणे असते. परंतु मागे पाहिल्यावर माणसाला काय दिसावे, आणि जे दिसले त्यातून पुढच्या वर्षाची आखणी कशी व्हावी, याचे उत्तर पुस्तकी उपदेशातून मिळत नाही. ते एखाद्या जगलेल्या आयुष्याकडे पाहून मिळते. त्यासाठी आज नानाजी देशमुख यांच्या जीवनातील एका वळणाकडे पाहणे उपयुक्त ठरेल.

नानाजींचा जन्म ११ ऑक्टोबर १९१६ रोजी मराठवाड्यातील कडोली या गावी झाला. आजच्या हिंगोली जिल्ह्यातील हे गाव त्या वेळी निजामाच्या राज्यात होते. घरची स्थिती इतकी बेताची, की शिक्षणाच्या खर्चासाठी त्यांना भाजी विकावी लागली. पुढे डॉ. हेडगेवारांच्या सहवासातून त्यांची दिशा निश्चित झाली आणि १९४० साली डॉक्टरांच्या निधनानंतर ते प्रचारक म्हणून उत्तर प्रदेशात गेले. आग्रा आणि मग गोरखपूर हे त्यांचे कार्यक्षेत्र झाले. गोरखपुरात आरंभी राहायला जागा नव्हती. धर्मशाळेत तीन दिवसांपेक्षा अधिक मुक्काम करता येत नसे, म्हणून एका धर्मशाळेतून दुसऱ्या धर्मशाळेत बिऱ्हाड हलवावे लागे. अखेर बाबा राघवदास यांच्या आश्रमात आसरा मिळाला, तोही स्वयंपाक करण्याच्या बोलीवर. याच गोरखपुरात १९५०च्या दशकाच्या प्रारंभी पहिले सरस्वती शिशु मंदिर उभे राहिले आणि त्याचा विस्तार पुढे देशभर झाला.

त्यानंतरची वर्षे राजकारणाची होती. भारतीय जनसंघाच्या उभारणीत पं. दीनदयाळ उपाध्याय यांच्याबरोबर नानाजींनी संघटनकौशल्य पणाला लावले. ४ नोव्हेंबर १९७४ रोजी पाटण्यात जयप्रकाश नारायण यांच्यावर पोलिसांच्या लाठ्या पडू लागल्या, तेव्हा नानाजी मध्ये पडले. लाठ्यांचे प्रहार त्यांनी स्वतःवर झेलले आणि त्यात त्यांचा हात मोडला. आणीबाणीतील लोकसंघर्षात त्यांनी कारावास भोगला. १९७७ साली बलरामपूर मतदारसंघातून ते लोकसभेवर निवडून आले. मोरारजी देसाई यांच्या मंत्रिमंडळात त्यांच्यासाठी स्थान होते. त्यांनी ते नम्रपणे नाकारले.

शिखरावरून उतरलेला माणूस

येथे क्षणभर थांबले पाहिजे. तीन दशकांहून अधिक काळ ज्या परिवर्तनासाठी कष्ट घेतले, ते प्रत्यक्षात आले होते. पक्ष सत्तेत होता, शब्दाला वजन होते, वयही अजून काम करण्याचे होते. अशा वेळी सामान्य माणूस मागे वळून पाहतो तो कष्टांची परतफेड मोजण्यासाठी. नानाजींनी मागे पाहिले आणि वेगळाच प्रश्न विचारला. सत्ता बदलली, पण खेड्यातल्या माणसाचे जीवन बदलले काय? राजकारणाने जे साधण्यासारखे होते ते साधले, मग जे राजकारणाने साधणार नाही त्याचे काय?

१९७८ साली त्यांनी साठी ओलांडलेल्या राजकारण्यांनी सत्तेच्या राजकारणातून बाजूला व्हावे आणि समाजाच्या रचनात्मक कामाला लागावे, असे आवाहन केले. आवाहने पुष्कळ होतात. या आवाहनाचे वैशिष्ट्य असे, की ते करणाऱ्याने सर्वप्रथम स्वतःच ते पाळले. त्या वर्षी ते ६२ वर्षांचे झाले. त्यांनी सक्रिय राजकारण सोडले आणि ते गोंडा जिल्ह्यात जाऊन राहिले. त्यांचा बलरामपूर मतदारसंघ त्या काळी याच जिल्ह्याचा भाग होता. ज्या लोकांकडे मते मागण्यासाठी ते गेले होते, त्यांच्याकडे ते आता काम करण्यासाठी परतले. जयप्रकाशजी आणि त्यांच्या पत्नी प्रभावतीदेवी यांच्या नावांवरून तेथे जयप्रभा ग्राम वसविण्यात आले.

दीनदयाळ शोध संस्थानाच्या माध्यमातून गोंड्यात जे झाले, त्यातील एक उदाहरण ध्यानात घेण्यासारखे आहे. त्या तराईच्या भागात भूजल फार खोल नव्हते, परंतु लोखंडी नळाचा खर्च लहान शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेरचा होता. म्हणून तेथे बांबूच्या कूपनलिका घेण्यात आल्या. बांबू गावात मिळणारा, कारागीर गावातला, दुरुस्तीही गावातच होणारी. दुसरे पीक घेणे शक्य झाले आणि हातांना काम मिळाले. एकात्म मानवदर्शनावर परिसंवाद पुष्कळ होतात. त्या दर्शनाचा शेताच्या बांधावरचा अर्थ काय, याचे उत्तर त्या बांबूने दिले.

पुढे १९९०च्या सुमारास नानाजी चित्रकूटला आले. वय ७४ च्या घरात. बहुतेकांच्या दृष्टीने ते वय आठवणी सांगण्याचे. नानाजींनी तेथे नव्याने आरंभ केला. प्रभू रामचंद्रांनी वनवासातील प्रदीर्घ काळ येथे व्यतीत केला आणि वनवासी, गिरिवासी जनांना जवळ केले, ही परंपरा त्यांच्या मनाला भिडली होती. सिंहासनावरील रामापेक्षा वनवासातला राम त्यांना अधिक जवळचा वाटे. १९९१ साली चित्रकूट ग्रामोदय विश्वविद्यालय स्थापन झाले आणि नानाजी त्याचे पहिले कुलाधिपती झाले. परिसरातील पाचशे गावांचा विचार करून काम आखले गेले. पहिल्या टप्प्यात ८० गावे स्वावलंबी करण्यासाठी २००५ ही मुदत ठरविण्यात आली. पदवीधर विवाहित जोडपी ‘समाजशिल्पी दंपती’ म्हणून गावात राहू लागली. एकेका दांपत्याकडे सुमारे पाच गावे असत. मझगवां आणि गनीवां येथील कृषी विज्ञान केंद्रांतून अल्पभूधारकाला दीड-अडीच एकरांत कुटुंब कसे चालविता येईल, याचे प्रयोग झाले. गावातले तंटे गावातच मिटावेत, न्यायालयाची पायरी चढावी लागू नये, यासाठी प्रयत्न झाला. २००५ साली तत्कालीन राष्ट्रपती डॉ. अब्दुल कलाम चित्रकूटला आले, तेव्हा त्यांच्या विशेष मनात भरली ती हीच तंटामुक्तीची गोष्ट. मराठवाड्यातही बीड जिल्ह्यात अंबाजोगाई येथे संस्थेचे कृषी विज्ञान केंद्र आहे. कडोलीहून निघालेल्या माणसाचे काम अशा रीतीने फिरून मराठवाड्याच्या मातीत आले.

१९९९ साली राष्ट्रपतींनी त्यांना राज्यसभेवर नियुक्त केले आणि त्याच वर्षी पद्मविभूषण सन्मान मिळाला. २७ फेब्रुवारी २०१० रोजी वयाच्या ९३व्या वर्षी त्यांनी चित्रकूटलाच देह ठेवला. उपचारांसाठी दिल्लीला जाण्यास त्यांनी नकार दिला होता. देहदानाचा संकल्प हयातीतच केलेला होता. त्यानुसार त्यांचे पार्थिव वैद्यकीय अध्ययनासाठी दिल्लीला गेले. २०१९ साली त्यांना मरणोत्तर भारतरत्न घोषित झाले. देह सोडतानाही काय ठेवायचे आणि कोणाला द्यायचे, याचा हिशेब त्यांनी पूर्ण केलेला होता.

आपण काय सोडणार?

या जीवनातून नव्या वर्षाच्या आखणीसाठी कोणते सूत्र हाती येते? साधारणतः संकल्प म्हणजे जे आहे त्यात काहीतरी अधिक घालणे, असा आपला समज असतो. व्यायाम करीन, वाचन करीन, प्रवास करीन, संस्थेला अधिक वेळ देईन. यादी लांबत जाते, दिवस मात्र चोवीस तासांचाच राहतो. नानाजींच्या जीवनातील दोन्ही नवे आरंभ आधी काहीतरी सोडण्याने झाले. दिल्ली सोडली तेव्हा गोंडा लाभला. गोंड्यात बसलेली घडी सोडली तेव्हा चित्रकूट उभे राहिले. काय सोडायचे हे ठरविल्याशिवाय काय धरायचे हे ठरविता येत नाही.

संघटनेच्या परंपरेत हे नवे नाही. १९३० साली जंगल सत्याग्रहात भाग घेण्यासाठी निघताना डॉ. हेडगेवारांनी सरसंघचालकपदाची धुरा डॉ. ल. वा. परांजपे यांच्याकडे सोपविली होती. संघ स्थापन होऊन तेव्हा जेमतेम पाच वर्षे झाली होती. रोप कोवळे आहे, आपण हात काढला तर कसे होईल, असा विचार त्यांनी केला नाही. ज्याला आपले काम दुसऱ्याच्या हाती देता येते, त्याचेच काम त्याच्यानंतर टिकते. २०२५च्या विजयादशमीला संघाने शंभर वर्षे पूर्ण केली, त्यामागे पिढ्यान् पिढ्या झालेली ही सोपवणूक आहे.

आता हाच आरसा आपल्यासमोर धरावा. आपल्या वस्तीतील वाचनालय, पतपेढी, शाळेची समिती, गणेशोत्सव मंडळ, गृहनिर्माण संस्था यांकडे पाहावे. एकच गृहस्थ पंधरा-पंधरा वर्षे अध्यक्ष असतात. ते प्रामाणिक असतात, कष्टाळूही असतात. ‘दुसरे कोणी पुढे येत नाही’ अशी त्यांची तक्रार असते. पण दुसऱ्याने पुढे यावे एवढी जागा त्यांनी कधी रिकामी ठेवलेली असते काय? मोठ्या नेत्यांनी निवृत्त व्हावे, असे आपण ओट्यावर बसून आवर्जून म्हणतो. नानाजींनी खुर्ची सोडली म्हणून त्यांचे कौतुक करणे सोपे आहे. आपल्या मंडळाच्या तिजोरीची किल्ली पस्तीस वर्षांच्या तरुणाच्या हाती देणे अवघड आहे. खरी परीक्षा तेथे आहे.

आणखी एक कठोर गोष्ट बोलली पाहिजे. समजा, एखाद्या कार्यकर्त्याची गेल्या वर्षाची दैनंदिनी उघडली. बैठका, कार्यक्रम, भेटी, विवाहसमारंभ यांनी पाने भरलेली असतील. परंतु त्या वर्षात मुलाबरोबर निवांत बसून बोलणे किती वेळा झाले? वृद्ध आईच्या खाटेजवळ अर्धा तास बसणे किती वेळा झाले? तो समाजासाठी वेळ देऊ शकला, तो कोणाच्या वेळातून आला? बहुतेक घरांत त्याचे उत्तर गृहिणीच्या वेळातून असे असते. तिने बँकेची, दवाखान्याची, शाळेची, पाहुण्यांची कामे निमूटपणे उचलली म्हणून याची पाने भरली. तिच्या दैनंदिनीत मात्र तिच्या स्वतःच्या आवडीचे, तिच्या वाचनाचे, तिच्या सामाजिक कामाचे एक पानही नसेल, तर त्या घराचा ताळेबंद बरोबर आहे असे म्हणता येणार नाही. कुटुंब प्रबोधनाचा विषय व्यासपीठावरून मांडण्याआधी तो स्वतःच्या माजघरात मांडावा लागतो. चित्रकूटला गावात राहायला गेले ते एकटे पुरुष नव्हते, दांपत्ये होती, हे विसरून चालणार नाही.

वेळेचा ताळेबंद

वेळ नाही, हे उत्तर आपल्या जिभेवर असते. तेव्हा एकदा हिशेबच मांडावा. वर्षाचे तास ८,७६०. रोज आठ तास झोप धरली तर २,९२० तास गेले. नोकरी आणि जाण्यायेण्याचे मिळून अकरा तास, असे ३०० दिवस धरले तर ३,३०० तास गेले. स्नान, भोजन, घरची किरकोळ कामे यांसाठी रोज तीन तास म्हणजे १,०९५ तास. एवढे सारे वजा केल्यावरही १,४४५ तास उरतात, म्हणजे दिवसाला जवळजवळ चार तास. ज्याच्या अंगावर आजारपण किंवा दुहेरी नोकरी आहे त्याचे गणित निराळे असेल, आणि घर सांभाळणाऱ्या स्त्रीचे तर निराळे असतेच. परंतु पुष्कळांच्या बाबतीत हे चार तास दूरचित्रवाणी, भ्रमणध्वनी आणि निष्फळ चर्चा यांत कोठे विरून जातात, ते कळतही नाही. शाखेचा एक तास वर्षाला ३६५ तास होतो. आठ तासांचा दिवस धरला तर हे पंचेचाळीस पूर्ण दिवस झाले. पंचेचाळीस दिवसांत वस्तीतील दहा मुलांचे गणित पक्के होऊ शकते, एका विहिरीचा गाळ निघू शकतो, एखाद्या एकाकी वृद्धाचे वर्ष सुसह्य होऊ शकते.

म्हणून या पाडव्याच्या आसपास घरातील सर्वांनी मिळून चार संध्याकाळी बसावे. पहिल्या संध्याकाळी गेल्या वर्षाची दैनंदिनी आणि घरखर्चाची वही समोर ठेवावी. वेळ आणि पैसा कोठे गेला, एवढेच पाहावे. कोणी कोणाला दोष देऊ नये. दुसऱ्या संध्याकाळी प्रत्येकाने एकच गोष्ट सांगावी, जी पुढच्या वर्षी सोडायची आहे. ते एखादे पद असेल, एखादे व्यसन असेल, एखादा जुना राग असेल. भावाभावांत शेताच्या बांधावरून धरलेला अबोलाही त्यात मोडतो. तिसऱ्या संध्याकाळी त्यापुढे नाव लिहावे. पद सोडायचे तर ते कोणाच्या हाती द्यायचे, त्याला शिकवायला किती महिने लागतील, आणि त्यानंतर त्याच्या कामात लुडबूड न करण्याचे वचन कोणासमोर द्यायचे. सोपविणे हे सोडण्याइतकेच महत्त्वाचे आहे. नाव आणि मुदत नसलेला त्याग हा केवळ एक विचार असतो. चौथ्या संध्याकाळी मोकळ्या झालेल्या जागेत एकच काम ठेवावे. ते मोजता येईल एवढे लहान असावे आणि एका ठिकाणचे असावे. नानाजींच्या डोळ्यांसमोर पाचशे गावे होती, तरी मुदत ठरली ती पहिल्या ८० गावांची, आणि एका दांपत्याच्या वाट्याला आली ती पाचच. आपल्या वाट्याला एक गल्ली किंवा एक कुटुंब आले तरी पुरेसे आहे.

आणि मध्येच तफावत पडली तर? ती पडणारच. पंचांगकर्त्यालाही ती टाळता आलेली नाही. त्याने भरपाईची व्यवस्था करून ठेवली, एवढेच. दर तीन महिन्यांनी पुन्हा एक संध्याकाळ बसावे, किती अंतर राहिले ते मोजावे आणि ते भरून काढावे. अपुऱ्या संकल्पाची लाज वाटून तो विसरून जाण्यापेक्षा त्याची उरलेली बाकी लिहून ठेवणे केव्हाही श्रेयस्कर.

ज्यांनी साठी ओलांडली आहे, त्यांना कदाचित वाटेल, की आता आखणी कशाची करायची? त्यांनी ६२व्या वर्षी गोंड्याला आणि ७४च्या घरात चित्रकूटला गेलेल्या त्या वृद्धाचे स्मरण करावे. जे तिशी-चाळिशीत आहेत त्यांना वाटेल, की सोडण्याचे वय अजून दूर आहे. त्यांनी ध्यानात घ्यावे, की सोडण्याचा सराव तरुणपणी झाला नाही, तर म्हातारपणी हात आपोआप उघडत नाहीत. सत्ता सोडणारे नानाजी तरुणपणी गोरखपूरच्या धर्मशाळांतून दर तीन दिवसांनी आपली वळकटी उचलून निघत होते. तो सराव तेथे सुरू झाला होता.

आज सकाळी आपण सर्वांनी गुढी उभारली आहे. सूर्यास्ताच्या सुमारास हळदकुंकू वाहून, नैवेद्य दाखवून ती उतरवायची आहे. ज्या हातांनी ती उभारली, तेच हात ती आदराने खाली घेतील, वस्त्राची घडी घालतील आणि कलश पुन्हा देवघरात ठेवतील. त्यात कोणाला काही गमावल्यासारखे वाटत नाही, कारण पुढच्या वर्षी ती पुन्हा उभी राहणार आहे, आणि कदाचित ती मुलाच्या किंवा सुनेच्या हातांनी उभी राहील. आज संध्याकाळी गुढी उतरवताना प्रत्येकाने एवढेच मनाशी ठरवावे, की या वर्षी आपल्या हातातले काय खाली ठेवायचे आणि ते कोणाच्या हाती द्यायचे. नव्या वर्षाची आखणी तेथून सुरू होईल.

भारत माता की जय.